पावाच्या डब्यातला बाळ

डिम्फना लॅव्हेलच्या घरात माणसं दोन आणि संत अकरा. माणसं म्हणजे ती स्वतः आणि तिची मुलगी ग्रान्या. संत मात्र चुलीवरच्या फळीवर, जिन्याच्या कोपऱ्यात, खिडकीत, जिथे जागा मिळेल तिथे उभे. त्यांतल्या एकालाही तिने कधी रिकामं बसू दिलं नाही. हरवलेल्या वस्तू संत अँथनीकडे, दुखरे घसे संत ब्लेझकडे, आणि जिथे बाकी सगळ्यांनी हात टेकले ती कामं संत ज्यूडकडे. चष्मा तासाभरात सापडला नाही तर अँथनीचं तोंड भिंतीकडे फिरायचं आणि सापडेपर्यंत तसंच राहायचं. चष्मा बहुतेक वेळा तिच्या कपाळावरच असायचा, पण श्रेय अँथनीलाच मिळायचं.

ह्या सगळ्या मंडळींत मान मोठा प्रागच्या बाळ येशूचा. वीतभर उंचीची प्लॅस्टरची मूर्ती, अंगात लाल झगा, डोक्यावर मुकुट, एका हातात पृथ्वी आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं आशीर्वादाला वर. डिम्फनाच्या लग्नात तिच्या मावशीने दिलेला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाळाला अंगणात कुंपणाखाली ठेवलं की दुसऱ्या दिवशी पाऊस येत नाही, हे आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डिम्फनाचा बाळ एकतीस लग्नांना उसना गेला होता आणि त्यांतली एकोणतीस कोरडी पार पडली होती. उरलेल्या दोन नवऱ्यांना पाऊसच बरा होता, असं ती म्हणायची.

पण ह्या बाळात एक खोट होती. त्याचं डोकं जागेवर होतं. खरा पावणारा बाळ म्हणजे डोकं तुटलेला, आणि तेही आपोआप तुटलेला. कुणी मुद्दाम तोडलं तर त्याला काडीची किंमत नाही. शेजारच्या बायना मॉरनच्या बाळाचं डोकं तीनदा तुटून तीनदा चिकटवलेलं होतं. त्या जोरावर बायना आमच्याकडे वेधशाळेच्या तोऱ्यात वावरायची. फडताळाच्या अगदी कडेला मूर्ती ठेवून ती जरा जास्तच जोरात फडकं मारते, अशी कुजबुज होती. पण सिद्ध कोण करणार?

"चाळीस वर्षं झाली गं, अजून धडधाकट," बायना डिम्फनाच्या बाळाकडे बघून हळहळायची. "दिसायला मात्र गोड आहे."

"माझ्या घरात वस्तू सांभाळून वापरतात," डिम्फना म्हणायची.

तर अशी ही बाई. वय त्रेसष्ट. बेटावरच्या चर्चची घंटा वाजवायची, वेदीवरची फडकी धुऊन इस्त्री करायची, मेणबत्त्या लावायची. कुणाची परीक्षा असो, गाय अडलेली असो, की पोरगं परदेशी निघालेलं असो, लोक आधी डिम्फनाकडे येत. तिच्या प्रार्थनेला पोहोच मिळते असा तिचा लौकिक होता. आणि ह्याच बाईने बावीस वर्षांत बेटावरून पाऊल बाहेर टाकलं नव्हतं.

त्याला कारण एक नवस. बावीस वर्षांपूर्वी नाताळाचा बाजार घेऊन ती आणि तिचा नवरा फेस्टी होडीतून पलीकडून, म्हणजे मुख्य भूमीवरून, परत येत होते. वाटेत वारा फिरला. पाऊण तासाची वाट चार तासांची झाली, पिठाचं पोतं गेलं, वल्हं गेलं, आणि गुडघाभर पाण्यात बसून डिम्फनाने देवाशी सौदा केला: आज किनाऱ्याला लाव, पुन्हा जन्मात होडीत पाय ठेवणार नाही. देवाने आपला वाटा दहा मिनिटांत उरकला. तिने आपला वाटा बावीस वर्षं पाळला. दाढ दुखली तेव्हा ती गुरांच्या डॉक्टरकडून उपटून घेतली, कारण तो बेटावर आला होता आणि दातांचा डॉक्टर पलीकडे होता.

लोक म्हणत, काय ही निष्ठा. डिम्फनाला मात्र आतून पक्कं ठाऊक होतं. डगमगत्या टेबलावर इस्त्रीचं फडकं घातलं की टेबल डगमगतं हे दिसत नाही, एवढंच. नवसाखाली भीती होती. धक्क्यावर जायची वेळ आली तरी ती पाण्याकडे पाठ करून उभी राहायची. त्या भीतीसाठीची संतीण तिच्या घरातच होती. तिचं नावच मुळी घाबऱ्या जिवांच्या संतिणीवरून ठेवलेलं. पण डिम्फनाने ह्या गोष्टीसाठी कुणाची आळवणी केली नाही. आजार बरा कर असं मागितलं असतं तर तो आहे हे कबूल करावं लागलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात फेस्टीच्या छातीत दुखायला लागलं. त्याला पलीकडच्या इस्पितळात न्यायला बोट आली. डिम्फना धक्क्यापर्यंत गेली, त्याच्या कपाळावर पवित्र पाणी शिंपडलं, मफलर नीट केला आणि तिथेच थांबली.

"मी नवस केलाय, फेस्टी."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "चूल विझू देऊ नकोस. बुधवारी येतो."

तो बुधवारीच आला, पेटीतून. ग्रान्या तेव्हा पलीकडे शिकत होती, तीच शेवटी त्याच्याजवळ होती. ह्या गोष्टीवर बेटावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही. बायनासुद्धा गप्प राहिली, आणि ते डिम्फनाला सगळ्यांत जास्त लागलं. तेव्हापासून तिने देवाकडे स्वतःसाठी काहीही मागितलं नाही. दुसऱ्यांचे अर्ज मात्र ती बिनचूक पोचवत राहिली.

आणि आता ग्रान्याचं लग्न निघालं. मुलगा पलीकडच्या गावातला, कॉलम नावाचा, लाजाळू, सुतारकाम करणारा. तोवर सगळं ठीक होतं. पण फेब्रुवारीच्या वादळाने बेटावरच्या चर्चचं अर्धं छप्पर समुद्रात नेऊन टाकलं आणि जून आला तरी नवं काही बसलं नाही. रविवारची प्रार्थना शाळेत चालली होती.

"मग लग्न शाळेतच करू," डिम्फना म्हणाली.

"आई, मी त्या शाळेत रोज शिकवते. पाढ्यांच्या तक्त्याखाली उभी राहून मी लग्न करणार नाही. लग्न पलीकडे होईल. आणि तू येणार आहेस."

"माझा नवस आहे."

"फादरना विचार."

डिम्फना रविवारी फादर टायर्नींकडे गेली ती निर्धास्त मनाने. नवस म्हणजे नवस. धर्माचा माणूस तरी तो मोडायला सांगणार नाही. फादर तरुण होते, नुकतेच ह्या भागात आलेले, आणि सकाळच्या बोटीने त्यांचं पोट ढवळलेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जीव मुठीत धरून केलेला नवस," ते म्हणाले. "असल्या नवसातून मोकळं करायचा अधिकार मला आहे. केलं मोकळं. झालं."

"एवढ्यात?"

"एवढ्यातच. दुसरं काही?"

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, अशी डिम्फनाची गत झाली. "फादर, बावीस वर्षांचा नवस आहे. त्याच्या बदल्यात निदान काही भारी तरी सांगा. उपास सांगा. अनवाणी चालायला सांगा."

फादरनी तिच्याकडे जरा नीट पाहिलं. "बरं. त्याच्या बदल्यात महिनाभर बायना मॉरनबद्दल वाईट बोलू नका."

"त्यापेक्षा होडी परवडली, फादर."

"मग होडीने या," फादर म्हणाले आणि पोटावर हात ठेवून खुर्चीत मागे टेकले.

अशी नवसाची ढाल गेली. आता उरलं हवामान. लग्न शनिवारी बाराला, बोट सकाळी आठला. शुक्रवारी दुपारी रेडिओने नैऋत्येचा वारा आणि पाऊस सांगितला. बोटवाला जॉन-जो धक्क्यावर उभा राहून, दाढी खाजवत म्हणाला, "अर्ध्या-अर्ध्यावर आहे. समुद्र फारच खवळला तर वऱ्हाड होडीत घालणार नाही, उद्याचं लग्न रविवारवर जाईल. सकाळी बघू."

रविवारवर गेलं तर रविवारी काय, हा विचार डिम्फनाने केलाच नाही. घाबरलेल्या माणसाला एक दिवस मिळाला तरी पुष्कळ असतो. संध्याकाळी जपमाळ झाली. ग्रान्याने स्वतः बाळाला फळीवरून काढलं, झगा पुसला आणि फ्युशियाच्या कुंपणाखाली, फुलं जिथे दाट होती तिथे ठेवलं. बायनाने आपल्या अंगणात आपला बाळ ठेवला आणि भिंतीवरून ओरडून सांगितलं, "माझा ठेवलाय गं! तुझ्यावर भार नको!"

ग्रान्या केस धुवायला गेली. जूनमध्ये आमच्याकडे दहापर्यंत लख्ख उजेड असतो. त्या उजेडात डिम्फना दारात उभी राहून बाळाकडे बघत होती. एकतीस लग्नं. दर वेळी तिने मनापासून ऊन मागितलं होतं. आज पहिल्यांदाच तिला वादळ हवं होतं, आणि वादळासाठी मागणं मागावं असा एकही संत तिला माहीत नव्हता. माहीत असता तरी मागणार कुठल्या तोंडाने? स्वतःच्या पोटच्या पोरीच्या लग्नाला वादळ पाठव, असं कोण म्हणेल?

म्हणून तिने मागितलं काहीच नाही. ती पायात चपला न घालता अंगणात गेली, बाळाला उचललं, पदरात घ्यावं तसं एप्रनमध्ये गुंडाळलं आणि आत आणलं. आता ठेवायचा कुठे? फळीवर ठेवला तर ग्रान्याला दिसणार. पलंगाखाली ठेवायचा तर अपमान. समोर पावाचा पत्र्याचा डबा होता. त्यात अर्धा पाव होता; त्याच्याशेजारी स्वच्छ फडक्यावर तिने बाळाला आडवं केलं.

"थोडा वेळ," ती म्हणाली. "मला माफ कर. मी वाईट बाई नाही."

बाळाची दोन बोटं वर होती. तिने झाकण लावलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. शनिवारची सकाळ उजाडली ती ढगाळ, पण वारा गपगार. समुद्र कुरकुरत होता, खवळलेला नव्हता. जॉन-जोने धक्क्यावरून दोनदा भोंगा वाजवला, म्हणजे बोट जाणार. डिम्फना वरच्या खोलीत जांभळा कोट घालून पलंगाच्या कडेला बसली होती. खाली ग्रान्या चहाबरोबर खायला पाव कापायला गेली.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. मग जिन्यावर पावलं वाजली. ग्रान्या दारात उभी राहिली. अंगात गाऊन, केसांना रोलर, आणि हातात प्रागचा बाळ येशू. त्याच्या मुकुटाला पावाचा चुरा लागलेला.

"आई, हा पावाच्या डब्यात होता."

"गारठा होता बाहेर," डिम्फना म्हणाली.

"आई."

डिम्फनाने कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मला वाटलं, बोट जाणार नाही. तेवढ्यासाठी. तुझं वाईट व्हावं म्हणून नाही गं, देवाशप्पथ."

ग्रान्या तिच्या शेजारी बसली. ती रागावेल, रडेल, असं डिम्फनाला वाटलं होतं. पण तिने नुसता बाळाच्या मुकुटावरचा चुरा बोटाने झटकला.

"एक सांगू? नऊ वर्षं मी सांगितलं नाही. इस्पितळात त्या दोन दिवसांत खोलीचं दार उघडलं की बाबा मान वळवून बघायचे. नर्स असायची, डॉक्टर असायचे. दर वेळी बघायचे. एकदा मला म्हणाले, तुझी आई यायची नाही, पण बघायला काय जातंय."

हे डिम्फनाला कुणी सांगायची गरजच नव्हती. नऊ वर्षं ती हेच दार रोज बघत होती.

"मी बोलून दाखवत नाहीये," ग्रान्या म्हणाली. "पण बारा वाजता मी चर्चमध्ये शिरेन तेव्हा पहिल्या बाकाकडे बघणार. बघायला काय जातंय."

ती बाळाला आईच्या मांडीवर ठेवून केस सोडवायला गेली.

आठला पाच कमी असताना डिम्फना धक्क्यावर आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात बाळ. अख्खं वऱ्हाड बोटीत बसलं होतं, आणि सगळ्यांनी एकदमच दुसरीकडे बघायला सुरुवात केली, म्हणजे बघतही होते आणि बघतही नव्हते. एकट्या बायनाला ते जमलं नाही.

"डिम्फना! अगं, बाळाला कुठे घेऊन चाललीस?"

"त्याने पण समुद्र बघितला नाही," डिम्फना म्हणाली.

जॉन-जोने हात पुढे केला. दोघं एकाच वर्गात होती, एकदा तर एकाच दिवशी मार खाल्लेला. "ये. हळू. बोटीकडे बघू नकोस, माझ्या नाकाकडे बघ. तेवढं मोठं आहे."

तिने पाय टाकला. फळी हलली, आणि ती बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत ह्याबद्दल ती आजही सगळ्यांची ऋणी आहे.

बेट मागे पडलं तशी लाटांनी बोट उचलायला सुरुवात केली. जॉन-जोच्या लेखी ती हवा चांगली होती. डिम्फनाच्या लेखी तो बावीस वर्षांपूर्वीचा तोच दिवस होता. तेच काळं पाणी, तोच मिठाचा वास. बायनाने जपमाळ सुरू केली. देवाला कमी ऐकू येतं अशा समजुतीने ती नेहमी म्हणते तशीच, ठणठणीत आवाजात. सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. डिम्फनाला एकही ओळ आठवेना. हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना.

तिच्या मनात जुनी सवय डोकावली: काहीतरी देऊ करावं. पोहोचव, मी बायनाशी भांडणार नाही. पोहोचव, मी लोणी सोडीन. मग तिला फेस्टी आठवला, मान वळवून दाराकडे बघणारा, आणि तिला सौद्यांचा वीट आला. सौद्याची किंमत त्या वेळी भलत्यानेच मोजली होती.

तिने बाळाला छातीशी धरलं आणि जन्मात पहिल्यांदा, काही देऊ न करता, त्याला खरं सांगितलं. मी घाबरलेय. फार घाबरलेय. नेहमीच घाबरत होते. नवस नव्हता तो, भीती होती, आणि मी फेस्टीला पलीकडे माझ्याशिवाय मरू दिलं. आता काय करायचं ते मला कळत नाही. जरा माझ्याजवळ बस.

लाटा तशाच होत्या. भीतीही गेली नाही. पण तिच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतोय. तेवढ्यात बोटीने एक मोठी लाट ओलांडली, डिम्फनाने बाळाला आणखी घट्ट आवळलं, आणि कट्ट असा आवाज आला.

तिने खाली बघितलं. लाल झगा तिच्या उजव्या हातात होता. मुकुटासकट डोकं तिच्या मांडीवर पडलं होतं आणि शांत चेहऱ्याने तिच्याकडे बघत होतं.

जप मध्येच थांबला. अख्खी बोट डिम्फनाच्या मांडीकडे बघायला लागली. बायना उठली, तोल गेला म्हणून बसली, पुन्हा उठली.

"आपोआप?" तिने विचारलं.

"मी काय, मुद्दाम मान पिरगाळीन त्याची?"

"सगळ्यांनी बघितलंय," जॉन-जो सुकाणूवरून म्हणाला. "आपोआपच. चाळीस वर्षांनी."

बायनाने डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या तीन चिकटवणुकांपैकी एकही साक्षीदारांसमोर झालेली नव्हती. "आता ऊन पडणार बघ," ती जड मनाने म्हणाली. डिम्फना हसायला लागली, आणि तिला थांबता येईना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे कुणी विचारलं नाही.

पलीकडे धक्क्यावर कॉलमचा भाऊ गाडी घेऊन उभा होता. चर्चच्या रस्त्यावर डाव्या हाताला इस्पितळ लागतं. डिम्फना म्हणाली, "इथे दोन मिनिटं थांबव."

डिम्फना एकटी आत गेली, कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. खोली कुठली ते तिने विचारलं नाही. कुणीतरी दार उघडून बाहेर आलं, आतून कुणीतरी मान वळवून बघितलं, आणि तिने त्या अनोळखी माणसाला हात केला. मग ती परत येऊन गाडीत बसली.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"नाही हो, अजून साडेनऊच वाजलेत," कॉलमचा भाऊ म्हणाला. त्या भल्या पोराला काय ठाऊक. ग्रान्याने आईचा हात धरला तो चर्च येईपर्यंत सोडला नाही.

बाराला ग्रान्या आत शिरली तेव्हा डिम्फना पहिल्या बाकावर होती, दारापासून सगळ्यांत ठळक दिसणाऱ्या कडेला. पोरीने बघितलं. आईने मान हलवली. त्या दोघींपुरतं लग्न तिथेच लागलं. पुढचं फादरनी उरकलं.

सगळी बाहेर पडली आणि फोटोसाठी पायऱ्यांवर उभी राहिली, तेवढ्यात आभाळ फाटलं. असा पाऊस जूनमध्ये कुणी बघितला नव्हता. नवरीचा झगा पायाला चिकटला, फोटोवाल्याने कॅमेरा कोटात लपवला, कॉलमच्या आईची टोपी ओघळली. सगळे पोर्चमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. बायना भिजत भिजत डिम्फनाच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिच्या आवाजात खरं समाधान होतं.

"डोकं तुटूनही काही उपयोग झाला नाही बघ तुझ्या बाळाचा. एवढं ऊन मागितलंस."

डिम्फनाने कोटाच्या खिशात हात घातला. मुकुटासकट डोकं तिथे उबेत होतं. समोर तिची लेक नवऱ्याचा कोट डोक्यावर धरून खदाखदा हसत होती.

"ऊन मी मागितलंच नव्हतं, बायना," ती म्हणाली.